एकदा निवडलेले गेज

वेबसाइट कोणत्या फ्रेमवर्कवर उभारायची, हा प्रश्न आता पतसंस्था, महाविद्यालये आणि भातगिरण्यांपुढेही येतो. बहुतेक ठिकाणी तो ‘सध्या काय चालतंय?’ एवढ्यावर निकालात निघतो. गोंदियाने असाच प्रश्न रुळांमधल्या अंतराच्या, म्हणजे गेजच्या, बाबतीत पुन्हा पुन्हा सोडवला आहे, आणि त्याची किंमतही मोजली आहे.

1870च्या सुमारास लॉर्ड मेयो यांच्या सरकारने काटकसर म्हणून मीटरगेजचा पुरस्कार केला. त्याच धोरणातून 1880च्या दशकाच्या आरंभी गोंदियावरून जाणारी नागपूर-राजनांदगाव ही नागपूर-छत्तीसगड रेल्वे मीटरगेजवर धावू लागली. 1887मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन लगेच ब्रॉडगेज केली, आणि 1891मध्ये नागपूर आसनसोलशी जोडले गेले. मार्ग लहान होता, नवा होता. चूक लवकर लक्षात आली म्हणून स्वस्तात निभावली.

पुढे त्याच कंपनीने सातपुडा चढताना मात्र 762 मिलिमीटरचे नॅरोगेज निवडले. 1903 ते 1905च्या दरम्यान गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत छोटी लाइन पोहोचली. 1908मध्ये नागभीडचा फाटाही आला. हलके रूळ, तीव्र वळणे घेणारी गाडी, कमी खर्च: डोंगराळ, विरळ वस्तीच्या मुलखासाठी हा हिशेब चुकीचा नव्हता. छोट्या लाइनने शंभर वर्षांहून अधिक सेवा दिली, हे तिच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागेल.

अडचण होती ती गोंदिया स्थानकात. छोटा डबा मोठ्या रुळावर चढत नाही. त्यामुळे पोते उचला, पाठीवर घ्या, पलीकडच्या वाघिणीत टाका. प्रवाशांनीही ट्रंका घेऊन गाडी बदला. बांधकामात वाचलेला पैसा दोन गेजच्या सांध्यावर रोज थोडाथोडा खर्च होत राहिला, आणि तो बहुतांशी हमालाच्या पाठीने व प्रवाशाच्या वेळाने भरला.

1992मध्ये एकच गेज करण्याचे राष्ट्रीय धोरण आले. नागभीड-चांदा मार्ग त्या दशकात बदलला, गोंदिया-बालाघाट पुढच्या दशकात. जबलपूर-नैनपूरची छोटी गाडी 2015मध्ये थांबली आणि सलग ब्रॉडगेज 2021च्या सुमारास पूर्ण झाले. मधली वर्षे लोकांनी बसने काढली. नागपूर-राजनांदगाव मार्गावर दहा वर्षांच्या आत जे सहज उरकले होते, त्याला इथे शतकानंतर दशके लागली.

संगणकाच्या जगात शतकाची वाटही पाहावी लागत नाही. गूगलचे अँग्युलर-जेएस हे फ्रेमवर्क 2010मध्ये आले. 2016ची नवी आवृत्ती जुन्याशी न जुळणारी होती, आणि 2021च्या अखेरीस जुन्याचा आधार संपला. त्यावर बांधलेली कामे पुन्हा लिहायची की तशीच रेटायची, एवढेच दोन मार्ग उरले. दुसरीकडे, 2003चे वर्डप्रेस मागच्या आवृत्त्यांना सांभाळून घेत आजही चालते आहे.

म्हणून लोकप्रियतेपेक्षा वेगळे प्रश्न आधी विचारायला हवेत. बांधणारा निघून गेला तर गोंदियात किंवा नागपुरात दुरुस्ती करणारा मिळेल का? सभासदांची, विद्यार्थ्यांची माहिती फ्रेमवर्कबाहेर काढून दुसरीकडे नेता येईल का? इतर यंत्रणांशी सांधा कुठे पडेल, आणि तिथे हमाली कोण करील? राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने देशभरच्या जिल्हा संकेतस्थळांसाठी एकच साचा दिला आहे. त्यात वेगळेपणाला वाव कमी असला, तरी देखभालीचा भार प्रत्येक जिल्ह्यावर स्वतंत्रपणे पडत नाही.

छोटे गेज निवडायला हरकत नाही. काम छोटे असेल तर ते शहाणपणाचेच आहे. पण बदलायचे असेल तर पहिल्या काही वर्षांत बदलावे, नाहीतर देखभालीची तरतूद दरवर्षी अंदाजपत्रकात लिहून ठेवावी. तेवढी तयारी नसलेल्या संस्थेने निविदा काढूच नये.