कळ एकीकडे, मूळ दुसरीकडे

सोयाबीन आणि कापसाची आवक सुरू झाली की परभणी, मानवत, सेलू येथील पेढ्यांवर दिवस अपुरा पडू लागतो. आडत्या सकाळी गादीवर बसतो तो रात्री हिशेब मिटल्यावरच उठतो. डावा खांदा उचलून कानाशी मोबाइल दाबलेला असतो आणि उजव्या हाताने शेतकऱ्याची पट्टी लिहिणे चालू असते. दिवाळी सरता सरता मान धरते, पाठीत उसण भरते आणि घरातल्या घरात निदानही होते : शिरेवर शीर चढली. मग तेल कोमट होते, घरातील कोणीतरी जोर लावून चोळते, दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी दुखणे पुन्हा हजर होते.

हे घरगुती निदान अगदीच चुकीचे नाही. बोटांना जाणवते ती शीर नसते, तर स्नायूतील काही तंतूंचा ताठरलेला पट्टा असतो. त्या पट्ट्यात तुरीच्या दाण्याएवढी एखादी जागा दाबली की माणूस कळवळतो. वैद्यकात तिला ट्रिगर पॉइंट म्हणतात. मराठीत कळबिंदू म्हणायला हरकत नाही. तिची खोड अशी की ती असते एका ठिकाणी आणि दुखवते भलत्याच ठिकाणी. मान व खांदा यांमधील स्नायूत ती असेल, तर कळ मानेतून कानशिलापर्यंत चढते आणि माणूस डोकेदुखीची गोळी घेत राहतो. खवाट्यावरील स्नायूत असेल, तर खांदा पुढून दुखतो. कुल्ल्याच्या खोल स्नायूत असेल, तर कळ पायात उतरते आणि सायटिकाचा भास होतो. ताळेबंदातील फरक शेवटच्या पानावर दिसावा आणि चूक मात्र मागच्या एखाद्या नोंदीत निघावी, तसाच हा प्रकार. दुखेल तेथे चोळण्याचा उपाय फसतो तो यामुळेच.

न्यूरोमस्क्युलर मसाज ही मूळ नोंद शोधण्याची पद्धत आहे. 1930 च्या दशकात इंग्लंडमध्ये स्टॅन्ली लीफ आणि बोरिस चैतो या निसर्गोपचारकांनी ती विकसित केली. पॅरिसमध्ये उपचार करणारे देवनचंद वर्मा या भारतीय वैद्यांच्या हस्तकौशल्यापासून त्यांनी प्रेरणा घेतली होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. उपचारक अंगठ्याने स्नायू सावकाश चाचपत जातो, कळबिंदू सापडला की त्यावर दाब देतो, काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत तो धरून ठेवतो आणि नंतर स्नायू हळूहळू ताणून देतो. दाब सोसवेल इतकाच हवा. ओरडायला लावील तोच खरा मालीशवाला, हा समज सोडलेला बरा. वेदनेने स्नायू अधिकच आखडतो. आराम मिळतो, पण बहुधा काही काळापुरता. कायमच्या सुटकेची हमी देणाऱ्याची पावती फाडण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

या विषयात डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांचे नाव फार मोठे. 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांना व्हाइट हाऊसच्या वैद्य नेमले. केनेडींच्या पाठदुखीवर त्यांनी इंजेक्शने तर दिलीच, पण झुलती खुर्चीही सुचवली आणि दोन पायांतील फरक भरून काढण्यासाठी बुटाच्या टाचेची उंची वाढवली. नुसता स्नायू नव्हे, बसण्याची रीतही त्यांनी तपासली. पेढीवर नेमके हेच राहून जाते. तक्क्या कमरेला टेकेल असा हवा, संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीला हवा, आणि मोबाइल खांद्यात धरण्याऐवजी इअरफोन बरा. सामायिकाची 48 मिनिटे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असतात. निदान तेवढ्या वेळाने तरी गादीवरून उठून चार पावले टाकावीत. दारातल्या हमालाच्या पाठीचाही विचार याच यादीत यावा. दिवसभर पोती वाहणाऱ्याला तर मालीशही परवडत नाही.

उपचारासाठी फिजिओथेरपिस्टकडे जावे आणि महाराष्ट्रात त्यांची नोंदणी परिषदेकडे होते, तेव्हा नोंदणी विचारण्यात संकोच करू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडे ठिसूळ असतील किंवा मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर ते आधीच सांगावे. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर तिला हातही लावू देऊ नये; आत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आणि डाव्या खांद्यातील किंवा हातातील कळीसोबत छातीत दडपण, घाम वा धाप असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून, मोंढा बंद होण्याची वाट न पाहता, त्या क्षणी रुग्णालय गाठावे.