नदीला हद्द नाही, यंत्रणेला मात्र आहे

पिंपरी, प्रतिनिधी

पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, तर इंद्रायणी देहू-आळंदी ओलांडून तुळापूरला भीमेत विलीन होते. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यातील सांडपाण्याचा भार वाहणाऱ्या या दोन्ही नद्यांचे पाणी अखेर भीमेवाटे उजनी जलाशयात पोहोचते. सोलापूर शहराची तहान उजनीवर अवलंबून आहे. पुढे हीच भीमा कर्नाटकात शिरते आणि कृष्णेला मिळते. आळंदीत इंद्रायणीवर फेस दिसला की बातमी होते. पण त्या पाण्याचा कोणाच्या प्रकृतीवर काय परिणाम झाला, याचा शोध नदीच्या उगमापासून संगमापर्यंत घेण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

उत्तर न मिळण्याचे कारण कारभाराच्या रचनेत आहे. शहरात महापालिका, चाकणला नगर परिषद, आसपासच्या गावांत जिल्हा परिषद, तर कारखान्यांच्या भूखंडांवर औद्योगिक विकास महामंडळ. प्रदूषण नियंत्रण मंडळ सांडपाणी आणि धूर तपासते, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय कामगार पाहते आणि रुग्ण आरोग्य विभागाच्या वाट्याला येतो. कारण एका खात्याच्या दप्तरी, परिणाम दुसऱ्याच्या.

याचा प्रत्यय २०२५ च्या जानेवारीत आला. पुणे परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे संशयित रुग्ण वाढत जाऊन दोनशेपलीकडे गेले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. रुग्णांची मोजदाद पुणे महापालिका, तिच्यात नव्याने आलेली गावे, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण आणि अन्य जिल्हे अशा पाच रकान्यांत झाली. मोजदाद आवश्यकच होती. परंतु रुग्णांची आणि पाण्याची माहिती साथीआधीच एकत्र पाहणारी नजर असती, तर इशारा लवकर मिळण्याची शक्यता होती.

कामगारांच्या बाबतीत तर हद्द राज्याचीच ओलांडली जाते. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये कंत्राटावर राबणारा बिहार वा उत्तर प्रदेशातील तरुण काही वर्षांनी गावी परततो. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्याने कळवण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे. पण तो गावाकडे उघड झाला, तर त्याचा दुवा पुन्हा चाकणशी जोडणार कोण?

बैठका आहेत, संघटना हवी

सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. जलप्रदूषणाबाबत महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा कायदा करून १९७० मध्ये मंडळ स्थापले. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला. आज केंद्रीय मंडळ राज्य मंडळांच्या बैठका घेते. हवामान बदल व मानवी आरोग्य या २०१९ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात राज्यांचे नोडल अधिकारी आहेत. मात्र दोन्ही वाटा समांतर जातात आणि दोन्हींची सूत्रे दिल्लीत आहेत.

अमेरिकेत राज्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांची संघटना १९४२ पासून आहे आणि राज्यांच्या पर्यावरण-आरोग्य संचालकांचा गटही तिच्या छत्राखाली काम करतो. राज्यांचे अनुभव राज्यांनीच एकमेकांना सांगायचे, हे त्यामागचे सूत्र. भारतात अशी राष्ट्रीय संघटना उभारायची, तर आणखी एक समिती, आणखी एक अहवाल, ही भीती अनाठायी नाही. ती टाळायची असेल, तर तीन गोष्टी अपरिहार्य ठरतात : प्रत्येक राज्यात आरोग्य आणि प्रदूषण या दोन्ही बाजूंना उत्तरदायी असा पूर्णवेळ अधिकारी, आजार व प्रदूषण यांची एकाच नमुन्यातील नोंद आणि ती दरवर्षी जनतेसमोर मांडण्याचे बंधन. बदल्यांच्या चक्रात सापडलेल्या अधिकाऱ्याकडून यांपैकी काहीही साधणार नाही.

महाराष्ट्राने १९६९ मध्ये केंद्राची वाट पाहिली नव्हती. आज पुढाकार घ्यायचा तर आरंभ शेजारच्या कर्नाटकापासून करता येईल. भीमेने दोन्ही राज्ये केव्हाच जोडली आहेत. अधिकाऱ्यांनी एका टेबलाभोवती बसणे तेवढे बाकी आहे.