वृद्धांना तपासायला शिकवणाऱ्या डॉक्टरांना कोण शिकवणार?

बारामतीत 2019 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमानुसार एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या अनेक घरांत दारात भेटतात ते आजी-आजोबाच. मुलगा-सून पुण्यात नोकरीला.

विद्यार्थी बीपी मोजतो, वहीत लिहितो. पण खुंटीवरची गोळ्यांची पिशवी उघडायची, हे त्याला कोणी सांगितलंय का? माझ्या आजीच्या पिशवीत एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या निघाल्या होत्या. दोन डॉक्टरांनी लिहिलेल्या. ती दोन्ही घेत होती. चक्कर येते, याला सगळे ‘वय झालं’ म्हणत होते.

मग अभ्यासक्रमात हा विषय नाही का?

आहे. जनरल मेडिसिन आणि कम्युनिटी मेडिसिन, दोन्हीत आहे. अडचण शिकवणाऱ्यांची आहे. देशात वृद्धांच्या वैद्यकशास्त्रातलं एमडी 1996 मध्ये चेन्नईत सुरू झालं, तरी आजही त्याच्या जागा मोजक्याच. आज शिकवणाऱ्या बहुतेकांनी हा विषय स्वतः विद्यार्थी असताना जेमतेमच पाहिला. प्राध्यापकांसाठी प्रशिक्षण असतं, पण ते ‘कसं शिकवायचं’ याचं. वृद्ध रुग्णाबद्दल काय शिकवायचं, ते त्यात येत नाही.

नेमकं काय शिकायला हवं?

एक साधी चाचणी बघा. खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका. यंत्र लागत नाही, मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. पण पुढे काय करायचं, कुठली गोळी कमी करायची, मोरीत कुठे आधार लावायचा, हे शिक्षकाने घरात उभं राहून दाखवावं लागतं. नातवाशी न बोलता थेट आजीशी बोलायचं, हेसुद्धा.

हे काम इंदापूर, भिगवण, निमगाव केतकीतले फॅमिली डॉक्टर रोज करतात. त्यांना घर माहीत आहे, शिकवण्याचा अनुभव नाही. प्राध्यापकांचं नेमकं उलट. त्यामुळे दोघांचं प्रशिक्षण एकत्र, गावातच व्हायला हवं आणि शिकवण्याच्या तासांचं मानधन फॅमिली डॉक्टरांना मिळायला हवं. दवाखाना बंद ठेवून फुकट कोण येईल?

70 वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारतचं 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. मोरीत पडून खुबा मोडला, तर दाखल झाल्यावर त्याचा उपयोग होतो. पडण्याआधी घरी येऊन ती 12 सेकंदांची चाचणी घेणारा डॉक्टर मात्र त्यात येत नाही.