पासपोर्ट एकाच्या कपाटात, पासबुक दुसऱ्याच्या

आमच्या निपाणी भागात कुणी परदेशी जायला निघाला की घरात दोनच प्रश्न विचारले जातात: पगार किती आणि सुट्टी कधी? पासपोर्ट कुणाच्या ताब्यात राहणार, पैसा कुणाच्या खात्यावर येणार, हे कुणी विचारत नाही. माझ्या धाकट्या काकांच्या वेळी आमच्या घरानेही विचारले नाही. त्याचे पुढे काय झाले ते येथे लिहीत आहे. घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडते म्हणून वडीलधारी मंडळी रागावतील. पण वाणिज्य शाखेच्या मुलीने ती मांडायची नाही, तर मग कुणी?

काका नववीपर्यंत शिकलेले. तंबाखूच्या वखारीतली हमाली सोडून २००९ साली ते सेंट्रिंगच्या कामावर मस्कतला गेले. दहावी पास नसल्यामुळे त्यांचा पासपोर्ट 'एमिग्रेशन चेक' लागणारा होता. आपल्याकडे लोकांना हा शिक्का म्हणजे अडाणीपणाचा दाखला वाटतो आणि तो चुकवून पर्यटक व्हिसावर पाठवणारे एजंट त्यांना हुशार वाटतात. वास्तविक १९८३ च्या कायद्याने ही तपासणी ठेवली ती कामगाराच्या संरक्षणासाठी. आज नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरील जी.एस.टी. यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आणि रीतसर जाणाऱ्याला दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचा विमा मिळतो. चोरवाटेने जाणारा या दोन्हींना मुकतो. काका निदान सरळ वाटेने गेले.

मस्कतला उतरल्यावर आठवड्याभरात त्यांचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात गेला. "हरवू नये म्हणून," असे सांगण्यात आले आणि काकांनाही ते पटले! आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचे सतरावे कलम म्हणते की पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे तो ज्याच्या नावाचा आहे त्याचासुद्धा नाही, मग मालकाचा कुठून होणार? कतारने तर २०१५ च्या कायद्यात पासपोर्ट अडकवून ठेवणाऱ्या मालकास दंड ठेवला आहे. पण कायदा पुस्तकात आणि किल्ली साहेबाच्या खिशात, अशी स्थिती असते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने परत आणावे लागले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने नुकसानभरपाई दिली, तीही कागद पाहूनच. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या माणसाजवळ त्या वेळी काय असावे लागते, हे त्यावरून कळते.

आता खात्याची गोष्ट. परदेशी नोकरीस गेलेल्या माणसाने आपले साधे बचत खाते तसेच चालू ठेवायचे नसते, ते एन.आर.ओ. करून घ्यायचे आणि तिकडची कमाई इकडे आणण्यासाठी एन.आर.ई. खाते उघडायचे. एन.आर.ई.च्या व्याजावर येथे कर नाही आणि पैसा केव्हाही परत बाहेर नेता येतो. एन.आर.ओ. हे येथील भाडे, पेन्शन वगैरेंसाठी; त्याच्या व्याजावर कर लागतो. माझ्या वर्गातल्या पुष्कळांचा येथे एक घोटाळा होतो. परकीय चलनाचा फेमा कायदा माणूस कशासाठी गेला ते पाहतो. नोकरीसाठी देश सोडला की तो अनिवासी. आयकर मात्र दिवस मोजतो, १८२ वगैरे. एकच काका एका कायद्याने अनिवासी आणि त्याच वर्षी दुसऱ्याने निवासी ठरू शकतात.

काकांनी सुट्टीवर आले असता एन.आर.ई. खात्यासाठी खटपट केली नाही असे नाही. अडले ते एका अक्षरावर. त्यांच्या नावात 'ज्ञ' आहे. मराठी शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्ट निघाला, त्यात इंग्रजीत डी-एन-वाय. मतदार ओळखपत्र कन्नडवरून झाले, तेथे जे-एन. पॅनकार्ड काढून देणाऱ्याने जी-एन लिहिले. बँकेच्या दृष्टीने ही तीन माणसे झाली. त्यात बँकेची काय चूक? आधी कागद दुरुस्त करून आणा, असे तिने सांगितले. तेवढ्यात सुट्टी संपली. पुढे दुरुस्ती तिथूनच करू म्हटले, तर साक्षांकित प्रतीसाठी मूळ पासपोर्ट हवा, आणि तो कपाटात!

सीमाभागात हे घरोघरी आहे. कन्नड गुरुजी 'ज्योती'तल्या 'त'ला टी-एच लिहितात, आमचे मराठी गुरुजी नुसता टी. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचेही इंग्रजी स्पेलिंग बदलले. त्यामुळे एकाच घरात थोरल्याचे जन्मगाव एक आणि धाकट्याचे दुसरे दिसते. पाटी कुठल्या भाषेत असावी यावर आपण तावातावाने बोलतो. पण आपल्याच घरातल्या चार कागदांवर बापाचे नाव एकसारखे आहे का, हे कितीजणांनी पाहिले आहे? मी माझ्या शेजारच्या बाकावरच्या कन्नड मैत्रिणीला विचारले. तिच्या घरीही तीच रड.

असो. खाते झाले नाही, म्हणून काका दर महिन्याला माझ्या वडिलांच्या खात्यावर पैसे पाठवू लागले. २०१५ साली गावातली दीड एकर ऊसाची जमीन निघाली. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. हे तेवढे आमच्या घरी कुणीतरी बरोबर सांगितले आणि त्याचा उपाय मात्र चुकीचा काढला: जमीन वडिलांच्या नावावर घेतली. काकीचे नाव कुणाच्या मनातही आले नाही. १९८८ चा बेनामी कायदा, जो २०१६ साली कडक झाला, तो उघड उत्पन्नातून पत्नीच्या नावे घेतलेल्या मालमत्तेला सूट देतो. एकट्या भावाच्या नावाला तशी सूट नाही. काकी रोज त्याच शेतात भांगलायला जात होती.

काका २०२२ साली कायमचे परत आले. एके दिवशी त्यांनी उतारा माझ्यापुढे ठेवला. उतारा कन्नडमध्ये आणि काकांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. मी मराठी शाळेत शिकले तरी कन्नड वाचते, याचे घरात कौतुक असते. त्या दिवशी मात्र त्या वाचण्याची मला लाज वाटली. मालकाच्या रकान्यात माझ्या वडिलांचे नाव होते. काका काही बोलले नाहीत. वडीलही तेथेच बसले होते. ते लबाड नाहीत. भावाचा पैसा त्यांनी स्वतःवर एक दिवस खर्च केला नाही. पण कागदावर प्रामाणिकपणाचा रकाना नसतो.

म्हणून मला वाटते की आमच्या वाणिज्य विभागाने आठवड्यातून एक दुपार यासाठी ठेवावी. मराठी आणि कन्नड दोन्ही येणारी मुले बसवावीत. ज्यांच्या घरचे कुणी बाहेर जाणार आहे त्यांनी दाखला, पॅन, आधार आणि पासपोर्ट घेऊन यावे. जाण्यापूर्वी अक्षरे जुळवून घ्यावीत, खाते उघडून घ्यावे, पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत घरी ठेवावी. प्राध्यापक म्हणतील, अभ्यासक्रमात हे नाही. परकीय चलनाचे प्रकरण आहे की! त्यातले प्रश्न आम्ही दहा-दहा गुणांसाठी सोडवतो. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. हा आकडा आम्हाला पाठ आहे; त्यातले आमच्या गल्लीतले रुपये कुणाच्या नावावर जमा झाले ते ठाऊक नाही.

वडिलांची जमीन परत द्यायची तयारी आहे. गेल्या दिवाळीत दोघे भाऊ वकिलाकडे गेले, मी बरोबर होते. नुसते नावावर करून देणे इतके सोपे नाही, असे वकील म्हणाले. भावाचे नाव नुसते वापरलेले असेल तर बेनामी कायदा तशी परतफेडही करू देत नाही. मग त्यांनी विचारले, "ते पैसे तुम्ही भावाला भेट म्हणून दिले होते, की जमिनीसाठी? त्याचा काही कागद आहे का?" काकांनी वडिलांकडे पाहिले, वडिलांनी माझ्याकडे. कागद नव्हता.