दोष इंजिनाचा की जागेचा? मॅक्लारेन-होंडा, २०१५ ते २०१७

#थ्रेड

१/ २७ सप्टेंबर २०१५, सुझुका. सर्किट होंडाच्या मालकीचे, शर्यत जपानची, आणि सरळ पट्ट्यावर मागून येणाऱ्या गाड्या मॅक्लारेन-होंडाला सहज ओलांडून जात होत्या. संतापलेल्या फर्नांडो अलोन्सोने रेडिओवरून त्या इंजिनाला ‘जीपी२ इंजिन’ म्हटले. म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या श्रेणीचे. तेव्हापासून या भागीदारीचा सारा इतिहास त्या दोन शब्दांत आटोपला जातो. तो अपुरा आहे आणि काही अंशी अन्यायकारकही.

२/ १९८८ साली याच जोडीने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या होत्या. त्यामुळे मे २०१३ मध्ये होंडाच्या पुनरागमनाची घोषणा झाली, तेव्हा अपेक्षा त्या सोनेरी काळाच्याच होत्या. परंतु यंत्र आता निराळे होते.

३/ २०१४ पासूनच्या नियमांनुसार इंजिन १.६ लिटरचे, सहा सिलिंडरांचे, ‘व्ही’ आकाराचे. त्याला एकच टर्बो. आणि इंधनाचा प्रवाह ताशी १०० किलोपर्यंत मर्यादित. इंधन तोलून दिल्यावर वाया जाणारी उष्णता जो अधिक वाचवील तो जिंकणार, हे उघड होते.

४/ ती वाचवण्याचे साधन म्हणजे एमजीयू-एच. एक्झॉस्टच्या उष्ण वायूने टर्बाइन फिरते, त्याच शाफ्टवरचा कॉम्प्रेसर इंजिनात हवा दाबून भरतो. आणि त्याच शाफ्टला जोडलेले हे जनित्र उरलेल्या शक्तीची वीज करते. गरज पडली की तेच मोटर होऊन टर्बोला गती देते. या शाफ्टची वेगमर्यादा मिनिटाला १,२५,००० फेरे!

५/ मर्सिडीजने टर्बोचे दोन भाग वेगळे केले. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढे, टर्बाइन मागे, आणि सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या घळीत एमजीयू-एच. थंड हवेचा भाग तप्त भागापासून दूर गेला, नळ्या आखूड झाल्या, हवा थंड करणारा कूलर लहान चालला. २०१४ च्या १९ शर्यतींपैकी १६ त्यांनी जिंकल्या.

६/ या रचनेची किंमत मात्र क्वचितच सांगितली जाते. दोन टोकांना वजनदार चाके असलेला लांब शाफ्ट प्रचंड वेगाने फिरतो, तेव्हा तो किंचित वाकू पाहतो, थरथरतो, आणि त्याचा मार बेअरिंगवर बसतो. लाभ आणि धोका एकाच शाफ्टवर बसलेले आहेत.

७/ मॅक्लारेनला गाडीचा मागचा भाग अत्यंत निमुळता हवा होता. ‘साइझ झिरो’ हे त्या हट्टाचे नाव. त्या मापात बसण्यासाठी होंडाने कॉम्प्रेसरसुद्धा घळीत बसवला. घळीची रुंदी ठरलेली. म्हणून कॉम्प्रेसर लहान. कॉम्प्रेसर लहान म्हणून टर्बोची क्षमता लहान. आणि म्हणून एमजीयू-एचला मिळणारी ऊर्जाही तोकडी. लांब सरळ पट्ट्यावर वीज अर्ध्यातच संपे. सुझुकाला जे दिसले ते हे होते.

८/ ‘मग होंडाने ते मान्यच का केले?’ हा आक्षेप रास्त आहे. होंडाचा दोष आहेच. इतर तिघे उत्पादक २०१४ चे पूर्ण वर्ष ट्रॅकवर शिकले; होंडाने ते प्रयोगशाळेत काढले. फेब्रुवारी २०१५ मध्ये हेरेथच्या चार दिवसांच्या चाचणीत मॅक्लारेन-होंडाच्या ७९ फेऱ्या झाल्या, मर्सिडीजच्या ५०० हून अधिक. ऑगस्टमध्ये स्पा येथे इंजिनाचे भाग बदलल्याबद्दल दोन्ही गाड्यांना मिळून १०५ स्थाने मागे जाण्याची शिक्षा झाली. ग्रिड होते २० गाड्यांचे. हसावे की रडावे!

९/ पण चूक कळल्यावर ती दुरुस्त करू न देणारी व्यवस्थाही या इतिहासात आरोपी म्हणून उभी केली पाहिजे. इंजिनातील बदलांवर ‘टोकन’ची मर्यादा होती. उशिरा आलेल्याला शिकण्याची गरज सर्वाधिक, आणि मुभा तितकीच तुटपुंजी. टोकन पद्धत २०१७ मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी होंडाने कॉम्प्रेसर घळीबाहेर काढून मर्सिडीजसारखी रचना स्वीकारली.

१०/ आणि विश्वासार्हता आणखी ढासळली. बार्सिलोनाच्या चाचणीत तेलाच्या टाकीने दगा दिला: वळणावर तेल कसे हेलकावते, हे कारखान्यातील चाचणीयंत्रावर पुरते कळत नाही. बहारीनला स्टोफेल वँडोर्नची गाडी शर्यतीला उभीच राहिली नाही. रशियात अलोन्सो शर्यत सुरू होण्यापूर्वीच्या फेरीतच थांबला. एमजीयू-एचची बेअरिंग वारंवार निकामी होत होती. मर्सिडीजची मांडणी उचलता आली; ती मांडणी टिकवण्यामागची वर्षे उचलता आली नाहीत. इथेच ‘चांगली रचना म्हणजे टिकाऊ इंजिन’ हे सोपे समीकरण कोसळते.

११/ २०१८ मध्ये मॅक्लारेनने रेनोचे इंजिन घेतले. आमची चॅसी उत्तमांपैकी एक आहे, हा त्यांचा दावा आता तपासता येणार होता. त्याच रेनो इंजिनावर रेड बुलने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या. मॅक्लारेनने एकही नाही. तीन वर्षे इंजिनाच्या आड झाकलेले गाडीचे दोष उघडे पडले. दोषाची वाटणी नव्याने करण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

१२/ होंडा टोरो रोसोकडे गेली. तिथे इंजिनाला हवी ती जागा देऊन गाडी आखली गेली. शाफ्टचे दुखणे सोडवायला होंडाचेच विमान-इंजिन विभागातील अभियंते आले. अतिवेगाने फिरणारे लांब शाफ्ट हे तर त्यांचे रोजचे काम. जून २०१९ मध्ये ऑस्ट्रियात मॅक्स वेर्स्टापेनने रेड बुल-होंडाला विजय मिळवून दिला, २००६ नंतरचा होंडाचा पहिला.

१३/ गंमत अशी की २०२१ चे होंडा इंजिन सिलिंडरांमधील अंतर घटवून पुन्हा आटोपशीरच केले गेले. ‘साइझ झिरो’चे जुने स्वप्न, पण या वेळी माप होंडाने स्वतः ठरवलेले. त्या वर्षी वेर्स्टापेन विश्वविजेता झाला. (अबू धाबीच्या शेवटच्या फेरीचा वाद हा वेगळ्या थ्रेडचा विषय.)

१४/ २०२६ च्या नियमांनी एमजीयू-एच काढूनच टाकला. त्या नव्या पर्वासाठी होंडाने ॲस्टन मार्टिनशी करार केला. तो मे २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्या संघाचा चालक होता फर्नांडो अलोन्सो.