तपासणी कोणासाठी?

वाणगावहून मुंबईकडे निघाले की पुढचेच स्थानक बोईसर. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत श्रम विकावयास जाणाऱ्यांची ही नित्याची वाट. तेथल्याच अणुविद्युत केंद्रात कामगाराने किती किरणोत्सर्ग झेलला याची नोंद ठेवली जाते. गोणी वाहणाऱ्याच्या मणक्याने किती भार झेलला, याची नोंद कोण ठेवतो?

भोपाळच्या 1984 च्या संहारानंतर 1987 साली कारखाने कायद्यात 41-सी कलम आले. घातक द्रव्ये हाताळणाऱ्याची तपासणी कामापूर्वी, काम चालू असताना आणि काम सुटल्यावरही व्हावी, नोंदी त्याला पाहता याव्यात, असे त्यात होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संहितेतही विनामूल्य वार्षिक तपासणीची तरतूद आहे.

परंतु कंबर अधू ठरताच कंत्राटी हमालाचा रोज बुडणार असेल, तर तो दुखणे लपवीलच. मग तपासणी ही छाटणीची चाळणी ठरते. म्हणून अधू झालेल्यास त्याच वेतनावर हलके काम आणि नोंदींची प्रत कामगाराच्या हाती, ही मागणी संघटनांनी लावून धरली पाहिजे. देह झिजला तो उत्पादनासाठी; त्याची किंमत एकट्या हमालाने का मोजावी?