‘वोक’ : शिवी कोणाची, शब्द कोणाचा?

‘वोक’ हा इंग्रजी शब्द अलीकडे मराठी वादविवादातही शिवीसारखा फेकला जातो. स्त्रियांच्या वा दलितांच्या हक्कांचा प्रश्न कोणी उपस्थित केला, की त्याला ‘वोक’ ठरवून निकालात काढायचे, म्हणजे युक्तिवाद करण्याचे श्रम वाचतात! स्वतःला पुरोगामी म्हणविणारी मंडळीही या थट्टेत सामील होतात. त्यांनी या शब्दाचे मूळ तपासून पाहावे.

‘वोक’ म्हणजे जागा, सावध. हा शब्द अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीतला. १९३१ साली अलाबामा राज्यात मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवर दोन गोऱ्या स्त्रियांवरील बलात्काराचा खोटा आरोप ठेवण्यात आला. केवळ गोऱ्यांचा भरणा असलेल्या ज्यूरींसमोर काही दिवसांतच खटले उरकले आणि आठ जणांना देहान्ताची शिक्षा झाली. या स्कॉट्सबरो खटल्यावर लोकगायक लेडबेली याने गीत रचले व १९३८ च्या ध्वनिमुद्रणात, त्या प्रदेशातून जाताना ‘जागे राहा’, असे आपल्या बांधवांना बजावले. ज्यांच्या गळ्याभोवती फास होता, त्यांची ही सावधगिरीची सूचना होती.

२०१४ साली फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा तरुण पोलिसाच्या गोळीला बळी पडला, तेव्हा हीच सूचना आंदोलनाची घोषणा बनली. मग बड्या कंपन्यांनी तिची जाहिरात केली आणि प्रतिगाम्यांनी तिची शिवी केली. २०२२ साली फ्लोरिडा राज्याने वर्णभेदाविषयीच्या शिक्षणावर निर्बंध घालणारा कायदा केला. त्याच्या प्रचलित नावातच ‘वोक’ रोखण्याची भाषा आहे.

समतेच्या नावाने केवळ मिरवणारे लोक आहेत, हे खरेच. परंतु त्यांच्यासाठी मराठीत ‘दांभिक’ हा खणखणीत शब्द आहे. तो खुशाल वापरावा. त्यासाठी पीडितांचा शब्द पीडकांच्या अर्थाने उसना घेण्याचे कारण नाही.

अर्थात नुसत्या जागेपणाने कोणाची सुटका होत नाही. स्कॉट्सबरोच्या मुलांसाठी डाव्या कामगार चळवळीतील संघटनेने वकील दिले, देशोदेशी निदर्शने झाली. १९३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा रद्द केल्या. पुढे पुन्हा खटले झाले, कित्येकांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. पण एकालाही मृत्युदंड देता आला नाही. जागेपणाला संघटनेची जोड मिळाली की काय घडते, ते या इतिहासात दिसते. कार्यकर्त्यांनी शिवी टाकून हा इतिहास उचलावा.